अर्धी वंशावळ

आपल्या समाजात वंशावळीला जितका मान आहे तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या कागदाला असेल. तीर्थोपाध्यायाच्या वहीत पणजोबांचे नाव सापडले म्हणजे नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी गेलेल्या गृहस्थाचा ऊर भरून येतो. भोयर-पवारांच्या पिढ्या भाटांनी पोथ्यांत जतन केल्या, कोकणस्थ घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तान्त छापले आणि गोमंतकातील देवस्थानांनी महाजनांच्या याद्या वांगडवार राखल्या. हा सारा खटाटोप आम्ही तुच्छ मानीत नाही. वकिली करणाऱ्याला तर वंशावळ ही रोजची भाकरी आहे. वारसाचा दावा असो, मानपानाचा तंटा असो वा जातीच्या दाखल्याचे प्रकरण असो, 'वंशवृक्ष दाखल करा' हा हुकूम कधी चुकत नाही.

तथापि ज्या वंशावळीचा आपण एवढा अभिमान बाळगतो ती अर्धीच आहे, आणि उरलेली अर्धी आपण जाणूनबुजून गाळलेली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. या गाळणुकीची किंमत आज लहान मुले आपल्या प्राणांनी देत आहेत. म्हणून हा विषय केवळ इतिहासप्रेमींचा राहिलेला नाही. तो देवळाच्या सभामंडपात बोलला गेला पाहिजे.

आमचे म्हणणे हवेतले नाही हे दाखवण्यासाठी एका विशिष्ट मुलखाचे उदाहरण घेतो. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी मुलूख. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातला हा मराठी भाग मध्य प्रदेशातच राहिला. 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नकाशावरची रेघ कितीही बदलो, इथली सोयरीक काटोल, नरखेड, वरूड अशीच चालत आलेली आहे. मुलीचे माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात, हे इथे कोणाला नवल वाटत नाही. संत्र्याच्या बागा, पोळ्याचा सण, जामसावळीच्या निजलेल्या मारुतीवरची श्रद्धा, सारे काही सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच. आणि त्याचबरोबर रक्तातून उतरणारा एक विकारही दोन्ही बाजूंना सारखाच आहे. त्याचे नाव सिकलसेल.

हा विकार काय आहे ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. माणसाच्या तांबड्या रक्तपेशी वाटोळ्या आणि लवचीक असतात. या विकारात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. त्यातून हाडे पिळवटून टाकणाऱ्या कळा, कायमचा पंडुरोग, वारंवार होणारे जंतुसंसर्ग आणि पुढे अवयवांची हानी असा भोग रोग्याच्या वाट्याला येतो. 1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी अशा विळ्यासारख्या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. 1949 साली जेम्स नील यांनी रोगी मुलांच्या आईबापांची रक्ते तपासून दाखवून दिले की दोघेही पालक स्वतः निरोगी असून विकाराचे वाहक असतात. त्याच वर्षी लायनस पॉलिंग यांनी हिमोग्लोबिनाच्या रेणूतच फरक असल्याचे सिद्ध केले, आणि पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो फरक एका अमिनो आम्लाचा आहे हे शोधून काढले. आपल्या देशात 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत हा विकार प्रथम नोंदला गेला. 1958 साली शुक्ल आणि सोळंकी या संशोधकांनी मध्य भारतातील सिकल-लक्षणाविषयीचा आपला लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापला. म्हणजे नागपूरच्या आसमंतात हे दुखणे आहे, ही गोष्ट शास्त्राला सहा दशकांहून अधिक काळ ठाऊक आहे. ते गोंडांत आहे, महारांत आहे, तसेच कुणबी आणि तेली यांच्यातही आढळलेले आहे. 'हे आमच्या जातीत नाही' असे छातीठोकपणे सांगणाऱ्याने आधी रक्त तपासून घ्यावे आणि मग बोलावे.

आता या विकाराचे गणित पाहा, कारण आमचा सारा युक्तिवाद त्या गणितावर उभा आहे. प्रत्येक माणसाला या बाबतीत दोन अंश मिळतात, एक बापाकडून आणि एक आईकडून. दोन्ही सदोष असतील तर माणूस रोगी, एकच सदोष असेल तर वाहक. वाहकाला सहसा कसलाही त्रास नसतो. तो शेत नांगरतो, परीक्षा देतो, ऐंशी वर्षे जगतो आणि आपण वाहक आहोत हे त्याला मरेपर्यंत कळत नाही. वाहकाचे लग्न निर्दोष जोडीदाराशी झाले तर या विकाराचा रोगी त्यांच्या पोटी जन्मत नाही. परंतु वाहकाची गाठ वाहकाशी पडली तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता रोगी मुलाची, दोन वाहकाच्या आणि एक निर्दोष मुलाची. 'चार मुलांत एकच रोगी, तो झाला, आता सुटलो' असा हिशेब पुष्कळ जण करतात. तो चुकीचा आहे. पहिले मूल रोगी झाले म्हणून दुसऱ्याला सवलत मिळत नाही; फासा प्रत्येक वेळी नव्याने पडतो.

या गणिताशी आपली वंशावळ ताडून पाहू. विकाराला आई आणि बाप दोघेही लागतात. आपल्या वंशावळीत मात्र बापामागून बाप एवढीच साखळी असते. आई आलीच तर 'अमुक गावच्या अमक्यांची कन्या' एवढ्यावर तिची बोळवण होते. लेक लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच तोडली जाते. तिच्या मुलांचे काय झाले हे माहेरच्या कागदाला ठाऊक नसते. तान्हेपणी गेलेले मूल तर नावानिशी नोंदण्याचीही तसदी कोणी घेत नाही. 'तीन अपत्ये अल्पवयात निवर्तली' या एका ओळीत घराण्याचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा पुरला जातो. न्यायालयात एखाद्याने दस्तऐवजाची निम्मी पाने फाडून उरलेली हजर केली तर न्यायाधीश त्याला काय म्हणतील? आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आलो आहोत आणि त्याला कुळाभिमान म्हणत आहोत.

सिकलसेल हे एकच उदाहरण नव्हे. जखमेतले रक्त लवकर थांबत नाही असा हिमोफिलिया नावाचा विकार आहे. तो बहुतांशी मुलग्यांना होतो आणि उतरतो आईकडून. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या नातींनी तो रशिया आणि स्पेन येथील राजघराण्यांत नेला, हे जगाला ठाऊक आहे; कारण राजघराण्यांच्या वंशवृक्षांत मुलींची लग्ने आणि त्यांची संतती काटेकोर लिहिलेली होती. आपल्याकडे असा मुलगा जन्मला तर शोध कुठे घ्यावा? आजोळी, मामाकडे. पण मामा भाच्याच्या वंशावळीत कुठे असतो? 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' या नावाने जगभर ओळखला जाणारा दुर्मीळ रक्तगट शोधून काढला. तोही आईबाप दोघांकडून एकेक अंश आल्यावाचून प्रकट होत नाही. निसर्गाने बापाची आणि आईची बाजू सारख्या तोलाची ठेवली आहे. एकेरी वंशावळ हा आपला हट्ट आहे.

यावर आमच्या मंदिरवासी वाचकांकडून काय उत्तर येईल ते आम्हांस ठाऊक आहे. 'आमच्या पूर्वजांनी हे सारे आधीच जाणले होते. म्हणून तर सगोत्र विवाह वर्ज्य केला आणि नाडी पाहण्याची चाल घातली.' पूर्वजांविषयी आदर आम्हांसही आहे. पण आदर म्हणजे त्यांच्या पदरी नसलेले ज्ञान बांधणे नव्हे.

गोत्र म्हणा, कूळ म्हणा वा देवक म्हणा, त्याचा निर्बंध मुख्यतः पितृपरंपरेचा आहे. मामाच्या मुलीचे गोत्र मामाचे, भाच्याचे गोत्र त्याच्या बापाचे. म्हणून दोघे गोत्राने निराळे, आणि महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामेबहिणीशी लग्न रूढच आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने आईकडून तीन आणि बापाकडून पाच पिढ्यांपर्यंतचे सपिंड विवाह वर्ज्य केले, पण रूढीला सवलत ठेवली. आता समजा, आजीच्या रक्तात एक सदोष अंश आहे. तो आईकडे येण्याची शक्यता दोहोंत एक आणि मामाकडे जाण्याचीही तितकीच. तिथून भाच्यात आणि मामेबहिणीत उतरण्याची शक्यता प्रत्येकी चारांत एक. दोघांचे गोत्र वेगळे, कुळदैवत वेगळे, पण आजी एकच! शिवाय गोत्र बाहेरचे पाहिले तरी जात तीच राहते, आणि ज्या जातीत वाहक आहेत त्या जातीच्या कुंपणात ते वाहकच एकमेकांना भेटत राहतात. सगोत्र विवाहाचा कायदेशीर अडथळा तर 1946 च्या कायद्यानेच दूर केलेला आहे. ज्यांना तो निर्बंध श्रद्धेने पाळायचा आहे त्यांनी अवश्य पाळावा. फक्त त्याला वैद्यकीय तपासणी समजू नये.

नाडीची गोष्ट याहून सोपी आहे. छत्तीस गुणांपैकी आठ गुण नाडीचे, आणि 'एकनाड' निघाली की चांगली स्थळे मोडतात; कारण काय, तर संतती रोगी होईल. अलीकडे तर नाडी म्हणजे रक्तगटच, असेही सुशिक्षित लोक सांगू लागले आहेत. ही नाडी ठरते कशी? जन्मवेळच्या चंद्रनक्षत्रावरून. सत्तावीस नक्षत्रांचे नऊ-नऊचे तीन गट, आद्य, मध्य आणि अंत्य. एकाच आईबापांचा थोरला मुलगा अश्विनीवर जन्मला तर आद्य नाडीचा आणि धाकटा भरणीवर जन्मला तर मध्य नाडीचा. दोघेही सिकलसेलचे वाहक असू शकतात. उलट हजार कोसांवरची, रक्ताचा कसलाही संबंध नसलेली मुलगी त्याच आद्य नाडीची निघू शकते. जी खूण सख्ख्या भावांना वेगळे करते आणि परक्यांना एक ठरवते, ती रक्ताची खूण असू शकत नाही. हे समजायला वैद्यकाची पदवी लागत नाही. साधी उलटतपासणी पुरे.

दुसरा आक्षेप अब्रूचा आहे, आणि तो अधिक खरा आहे. 'तपासणी केली आणि मुलगी वाहक निघाली तर तिला पाहायला कोण येईल?' ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. तिची जी कथा सांगतात ती एका प्रेमी युगुलाची आहे. एका गावचा मुलगा दुसऱ्या गावची मुलगी घेऊन नदी ओलांडत असता दोन्ही काठांवरून दगड पडले. कथेची ऐतिहासिकता कशीही असो, लग्नाच्या प्रश्नावर समाज दगड उचलतो आणि तो मध्ये सापडलेल्या जोडप्याला लागतो, हे सत्य तिच्यात आहे. वाहक मुलीवर पडणारे दगड नजरेचे आणि कुजबुजीचे असतात, एवढाच फरक.

पण लपवून काय साधते? लपवलेली गोष्ट मूल आजारी पडले की बाहेर येतेच, आणि तेव्हा सारा दोष सुनेच्या माथी मारला जातो. ती पांढऱ्या पायाची ठरते, तिला माहेरी धाडले जाते, दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात. वस्तुतः रोगी मुलाच्या रक्तातला अर्धा वाटा बापाचा असतोच असतो. त्यावाचून रोग होतच नाही. ज्या घरात सुनेला दोष दिला जातो त्या घरात मुलगाही सदोष अंश बाळगून आहे, एवढे जरी लोकांनी ध्यानात घेतले तरी कितीतरी संसार वाचतील. कायद्याच्या दृष्टीनेही लपवाछपवी धोक्याची आहे. हिंदू विवाह कायद्याच्या 12 व्या कलमात 1976 साली सुधारणा झाली. तेव्हापासून जोडीदारासंबंधीच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत कपट करून संमती मिळवली असेल तर, ठरलेल्या मुदतीत आणि अटींवर, विवाह रद्द करण्याची मागणी करता येते. आजार दडवून केलेल्या लग्नावर अशी टांगती तलवार राहू शकते. उलट आधी सांगितलेल्या सत्याला कपट म्हणता येत नाही.

पुराव्याच्या कायद्यातले एक जुने तत्त्व इथे आठवते. 1872 च्या कायद्यात ते होते आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. दिवंगत माणसाने कुळवंशावळीत नात्याविषयी केलेली नोंद ग्राह्य धरतात, पण ती वाद उपस्थित होण्यापूर्वीची असेल तरच. वादानंतरच्या नोंदीत स्वार्थ डोकावतो, म्हणून ही अट. रक्ताच्या नोंदीलाही हेच लागू आहे. साखरपुड्यानंतर निघालेला अहवाल भांडण पेटवतो. सोयरिकीची बोलणी निघण्याआधी, शाळा-कॉलेजच्या वयात झालेली तपासणी निवड करायला अवकाश देते.

तिसरा आक्षेप आम्ही स्वतःच उपस्थित करतो, कारण तो सर्वांत गंभीर आहे. वंशावळीतून गुणदोष शोधण्याच्या विद्येने जगात मोठे पातकही केले आहे. अमेरिकेत 1910 साली वंशवृक्ष गोळा करण्याची एक कचेरीच उघडली गेली आणि गरिबी, गुन्हेगारी, मंदबुद्धी ही सारी कुळातून उतरते असे तिने ठरवून टाकले. 1927 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक नावाच्या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. आई, ती आणि तिची तान्ही मुलगी अशा तीन पिढ्या मंदबुद्धी असल्याचे त्यासाठी गृहीत धरले होते. तीच मुलगी पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली. जर्मनीत याच विद्येचा शेवट कुठे झाला ते सांगायला नको. आपल्या इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. कवटीच्या मोजमापांतून गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व दिसावे अशी गुरूची अपेक्षा होती. मोजमापांतून तसे काही निघाले नाही आणि इरावतीबाईंनी तसे लिहिलेही नाही. हा बाणेदारपणा आम्हांस आदर्श वाटतो.

आपणही या पातकापासून मुक्त नाही. 'खाण तशी माती' म्हणत आपण माणसाची बुद्धी, शील, प्रामाणिकपणा हे सारे जातीकुळावरून ठरवत आलो आहोत. म्हणून आमची मागणी काटेकोर मर्यादेत आहे. वंशावळीत रक्ताच्या तपासणीने सिद्ध होते तेवढेच लिहावे. स्वभाव, चारित्र्य, 'घराण्याचे वळण' यांना तिथे थारा नसावा. आणि वाहक असणे हे लांच्छन नव्हे, हे पहिल्या ओळीतच लिहावे. हा अंश ज्यांच्या रक्तात एकेरी असतो त्यांना घातक हिवतापापासून संरक्षण मिळते, हे 1954 साली ॲलिसन यांनी दाखवले. जंगलपट्टीत हिवतापाने माणसे पटापट मरत असता आपले काही पूर्वज ज्या कवचामुळे वाचले, त्याचीच ही दुसरी धार आहे. पूर्वजन्मीच्या पापाशी तिचा काही संबंध नाही.

मग देवळांनी काय करावे? भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर थॅलसेमिया हा असाच आईबाप दोघांकडून येणारा रक्तविकार फार होता. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चने चाळीसएक वर्षांपूर्वी नियम केला की विवाहविधीपूर्वी वधूवरांनी तपासणी व सल्ला घेतल्याचा दाखला आणावा. दाखल्यावर निकाल लिहायचा नाही आणि निकाल काहीही असला तरी लग्नाला मनाई नाही. दोघांना सत्य कळले आहे, एवढीच धर्मपीठाची अट. या आणि सरकारी प्रयत्नांमुळे त्या बेटावर रोगी मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. जे पाद्र्यांना साधले ते आमच्या पंचांना आणि विश्वस्तांना का साधू नये?

आपल्याकडे साधनांचा अभाव नाही. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातच, शहडोल येथे, राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. 17 राज्यांतील 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करून त्यांना कार्ड द्यावे आणि 2047 पर्यंत सार्वजनिक आरोग्यावरचे हे संकट दूर करावे, असा तिचा संकल्प आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झालेला आहे. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने रोग्याच्या कळा कमी होतात. सरकारने कार्ड दिले. ते पेटीत दडवायचे की सोयरिकीच्या बैठकीत समजूतदारपणे काढायचे, हे समाज ठरवणार. तो समाज देवळात जमतो.

म्हणून पांढुर्णा-सौंसरपासून गोमंतकापर्यंतच्या देवस्थानांच्या विश्वस्तांना, महाजनांना आणि वधूवर सूचक मंडळांच्या चालकांना आमचे असे सांगणे आहे. ज्या अर्जात रास, नक्षत्र आणि नाडीचे रकाने आहेत त्यात 'रक्ततपासणी करून घेतली आहे काय' हा एक रकाना घाला. उत्तर हो किंवा नाही एवढेच असू द्या, निकाल त्या दोघांचा आणि त्यांच्या वैद्याचा राहू द्या. दोघेही वाहक निघाले तर त्यांना वैद्यकीय सल्ल्याकडे पाठवा आणि निर्णय त्यांच्यावर सोपवा. एकच वाहक असेल तर लग्न बिनघोर लावा. मंगल कार्यालय लग्नाला देताना हीच अट ठेवा. आणि घराघरांतील वंशावळींत आईचे, आजीचे, पणजीचे नाव लिहा. दिल्या घरी गेलेल्या लेकींच्या फांद्या पुढे वाढवा. तान्ही गेलेली मुले नावानिशी आणि कारणासह नोंदवा. हा तपशीलवार कागद घरच्या कपाटात राहील; देवळाच्या फलकावर तो लावण्याचे काही कारण नाही.

पितृपक्षात आपण बापाच्या कुळाबरोबर मातामहांनाही पिंड देतो आणि अविधवा नवमीला घरातील गेलेल्या सवाष्णींचे श्राद्ध करतो. श्राद्धात ज्यांना स्थान आहे त्यांना वंशावळीत नसावे, हा आपल्याच धर्माशी विसंगत व्यवहार आहे. तो दुरुस्त करण्यास कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही. येत्या लग्नसराईपूर्वी प्रत्येक देवस्थानच्या सभेपुढे हा ठराव यावा आणि जे विश्वस्त विरोध करतील त्यांनी आपली कारणे लेखी द्यावीत, एवढीच आमची मागणी आहे.